खाचरावरचं सीमोल्लंघन

हेदवीला येणारे बहुतेक जण दशभुजा गणेशाचं दर्शन घेतात, भरतीच्या वेळी बामणघळीत उसळणारं पाणी पाहतात आणि वेळणेश्वराकडे वळतात. भाद्रपद सरता सरता भातखाचरांवर जे घडतं, ते मला या दोन्हींइतकंच देखणं वाटतं. फक्त त्याला सवड द्यावी लागते.

पहिला येतो करडा धोबी. गणपती गावाला गेले की वहाळाच्या कडेला एके सकाळी तो असतो. हिमालयातून किंवा त्याच्याही पलीकडून आलेला, जेमतेम अठरा-वीस ग्रॅमचा जीव. त्याच्या उडण्यालाच लाट आहे. पंख मारले की चढ, मिटले की उतार, आणि मधूनच टोकदार दुहेरी हाक. बांधावर टेकला की अंग स्थिर, शेपटी मात्र खालीवर, खालीवर. एवढ्या लांबच्या वाटेची गती अजून तिथे शिल्लक आहे, असं वाटत राहतं. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत धोब्यासाठी, म्हणजे खंजनासाठी, अख्खा अध्याय दिला. त्यातली शुभाशुभ फळं बाजूला ठेवली, तरी मोसमातल्या पहिल्या दर्शनाला इतका मान देणारी ती नजर मला फार मोलाची वाटते.

मग तारांवर माळभिंगऱ्या दिसू लागतात. भात पसवलेलं असतं. त्या लोंब्यांना पोट घासेल इतक्या खालून त्या जातात आणि बांध आला की सहज वर उचलल्या जातात. त्यांच्या वर चतुरांचे थवे तरंगत असतात. हे चतुर वाऱ्याच्या साथीने अरबी समुद्र ओलांडून आफ्रिका गाठतात, असा विचार चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञाने २००९मध्ये मांडला. दिवाळीच्या आगेमागे कोकणावरून जाणारे अमूर ससाणेही तिकडेच निघालेले असतात आणि चतुर त्यांचं आवडतं खाणं. म्हणजे शिदोरीच बरोबर उडत असते!

या साऱ्या वर्दळीत माझं मन अडकतं ते एका जाणाऱ्या पक्ष्यात. चातक पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येतो, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. मोठे चातक आधी निघून जातात. पोर मागे राहतं, सातभाईंच्या हातचं खाऊन वाढतं. सातभाई कधी गावाची शीव सोडत नाहीत. आईबापांनी वाट दाखवलेली नाही, समुद्रापलीकडचा मुलूख पाहिलेला नाही, तरी ते पोर निघतं. दसऱ्याला आपण वेशीबाहेर जाऊन सोनं लुटून घरी परततो. त्याच सुमारास त्याचं सीमोल्लंघन होतं, तेही एकट्याने. एकाच बांधावर उत्तरेकडचा धोबी उतरलेला आणि पलीकडच्या झुडपातून चातकाचं पोर उडालेलं, हा या दृश्याचा गाभा.

ते दिसतं, कारण खाचर कसलेलं असतं. उघडं पाणी, बेणलेले बांध, वर मोकळं आभाळ, हे सगळं लावणीला चिखलात उतरलेल्या माणसांनी घडवलेलं. पडीक खाचरात रान माजलं की धोब्याला टेकायलाही जागा उरत नाही. हळवं भात कापून उडव्या रचल्या जातात, तेव्हा पिवळे धोबी आणि तिरचिमण्याही येऊन पोचतात आणि चरणाऱ्या गुरांच्या पायांशी किडे टिपत हिंडतात.