तुलना, पण कोणत्या तराजूत?

चार्ल्स डार्विन यांनी १८७१ साली पुरुषाची बुद्धी श्रेष्ठ ठरविली. आधार काय, तर नामवंत कवी, चित्रकार, शास्त्रज्ञ यांच्या याद्या! विद्येची दारे स्त्रियांना बंद होती, हे त्या याद्यांत दिसणार कसे? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) आम्हांस अधिक शास्त्रशुद्ध वाटते. स्त्रीस्वभावाचे म्हणून सांगितलेले दोष त्या एकेक करून पुरुषांत शोधतात. जरठाशी लावलेले लग्न आणि पुनर्विवाहाची बंदी यांकडे बोट दाखवितात. आवेशात त्या कधी पारडे नुसतेच उलटे करतात, हे खरे. तरी स्वभावाआधी परिस्थिती पाहण्याची त्यांची दृष्टी डार्विनपाशी उणी पडते. स. गं. मालशे यांनी १९७५ साली पुन्हा उजेडात आणलेले हे छोटेखानी पुस्तक पनवेलच्या आमच्या घरांतून मुलींइतकेच मुलग्यांनीही वाचावे.