ताई खोटं बोलत होती का?

एका विज्ञान दिनी एका शाळेत अतिनील किरणांविषयी बोलायला गेले होते. व्याख्यानानंतरचे प्रश्न नेहमीचेच होते : ओझोनचा थर, काळा चष्मा, उंच डोंगरावर ऊन जास्त का भाजते. मुले पांगल्यावर नववीतली एक मुलगी मात्र रेंगाळली. यूट्यूबवर प्रसाधनांची माहिती देणाऱ्या एका ताईचे व्हिडिओ ती वर्षभर पाहत होती. ताईने सुचवलेले सीरम तिने वाढदिवसाच्या पैशांतून आणले. मुरुमे गेली नाहीत, उलट चेहरा लाल झाला. पुढे कळले की कंपनीकडून ताईला पैसे मिळत होते आणि ते तिने सांगितले नव्हते. "मॅडम, ताई खोटं बोलत होती का?" मी उत्तर जुळवते आहे तोच ती म्हणाली, "आता मी कुणाचंच ऐकत नाही. डॉक्टरांचंसुद्धा नाही. सगळे काहीतरी विकतच असतात."

तिच्या प्रश्नापेक्षा या दुसऱ्या बोलण्याने मी अस्वस्थ झाले. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, हे ठीक. इथे ताक पिणेच बंद झाले होते.

घरी आल्यावर मी असे बरेच व्हिडिओ पाहिले. त्यांचा साचा लवकर लक्षात येतो. आधी स्वतःच्या त्वचेचे रडगाणे, मग "मैत्रिणींनो, हे सापडलं आणि सगळं बदललं" अशी कबुली, मग बाटली, आणि शेवटी 'आधी' व 'नंतर' अशी दोन छायाचित्रे. बोलणे इतके घरगुती असते की ती जाहिरात वाटतच नाही. पण विज्ञानाचा वर्ग घेणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर उणिवा उघड दिसतात. दोन्ही छायाचित्रांत प्रकाश सारखा होता का? मधल्या काळात आणखी काय काय लावले? ज्यांना गुण आला नाही त्या किती, आणि त्या कुठे आहेत? आठवीच्या मुलाने असा प्रयोग वहीत लिहिला तर आपण त्याला गुण देणार नाही.

या इन्फ्लुएन्सर मंडळींवरचा विश्वास उडण्याचे कारण साधारणपणे पैसा हे सांगितले जाते, आणि त्यात तथ्य आहे. आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून, आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये, असा दंडक घातला की पैसे, भेटवस्तू, सहल, सवलत असे काहीही घेतले असेल तर ते स्पष्ट सांगावे. ग्राहक संरक्षण कायद्याखाली दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हा पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. नियम चांगले आहेत. पण ते "पैसे घेतलेस का?" एवढेच विचारतात. "तुला हे कळले कसे?" हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो, आणि माझ्या मते खरा दोष तिथे आहे.

याचे चांगले उदाहरण दक्षिण कोरियातले. 'प्युरिटो' कंपनीचे एक सनस्क्रीन जगभरच्या प्रसाधनप्रेमींचे लाडके होते. पैसे न घेताही अनेकींनी त्याची मनापासून शिफारस केली होती, कारण ते हलके होते आणि चेहऱ्यावर पांढरा थर सोडत नव्हते. त्यावर एसपीएफचा आकडा ५० हून अधिक छापलेला होता. डिसेंबर २०२० मध्ये प्रसाधनांतील घटकांची माहिती देणाऱ्या 'इन्कीडीकोडर' या संकेतस्थळाने दोन प्रयोगशाळांतून केलेल्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. आकडा आला साधारण १९. कंपनीला विक्री थांबवावी लागली.

इथे शिफारस करणारी कुणी लबाड नव्हती. तिने जे तपासले, म्हणजे मऊपणा, वास, चिकटपणा, ते खरेच होते. पण अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि बोटांना जाणवत नाहीत. एसपीएफ मोजायचा तर किमान दहा स्वयंसेवकांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम या प्रमाणात क्रीम लावतात, कृत्रिम सूर्यप्रकाश सोडतात, आणि क्रीमसह व क्रीमविना त्वचा लाल व्हायला किती मात्रा लागते त्याचे गुणोत्तर काढतात. हे स्नानगृहातल्या आरशासमोर होणारे काम नाही.

आकड्याचा अर्थ वर्गात सहज सांगता येईल. एसपीएफ ५० म्हणजे त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी पन्नासावा हिस्सा, २ टक्के, आत जातो. १९ असेल तर सुमारे ५ टक्के. आता चेहऱ्याचे क्षेत्रफळ ५०० चौरस सेंटिमीटर धरले तर एका वेळेस १ ग्रॅम क्रीम लागेल. ५० ग्रॅमची नळी, रोज एकदा लावली तरी, ५० दिवसांत संपेल. व्हिडिओत मात्र वाटाण्याएवढा ठिपका दाखवतात!

मग प्रयोगशाळेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? तेही नाही. ऑस्ट्रेलियातील 'चॉईस' या ग्राहक संस्थेने जून २०२५ मध्ये २० सनस्क्रीन तपासल्याचे जाहीर केले. १६ छापील आकड्यापर्यंत पोचली नाहीत. 'अल्ट्रा व्हायोलेट' कंपनीच्या, ५० हून अधिक एसपीएफचा दावा करणाऱ्या एका क्रीमचा आकडा आला ४, म्हणजे २ टक्क्यांऐवजी २५ टक्के किरण आत. कंपनीने आधी हे अमान्य केले. पण निरनिराळ्या चाचण्यांत त्याच क्रीमचे आकडे ४ पासून ६४ पर्यंत आल्यावर ऑगस्टमध्ये माल परत मागवला. प्रयोगशाळाही चुकतात. फरक इतकाच, की त्यांची चूक दुसऱ्या प्रयोगशाळेला पकडता येते. "मला तर खूप सूट झालं" हे वाक्य खोडून काढायला जागाच नसते.

आणि ते वाक्य खरे असूनही घातक ठरू शकते. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यातील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण नोंदवले. त्यांपैकी १५ जणांत त्याचा एक विरळा प्रकार आढळला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाचे क्रीम वापरत होते. अशा क्रीमांत पारा असतो. त्वचेचे रंगद्रव्य तयार करणाऱ्या विकराचे काम तो अडवतो, म्हणून माणूस खरोखर उजळ दिसतो. वापरणारा "गुण आला" म्हणतो ते खोटे नसते. पारा मूत्रपिंडात काय करतो आहे ते आरशात दिसत नाही, एवढेच.

शिक्षक मित्रहो, यावर एक खेळ सुचवते. वर्गात ६० मुले असतील तर प्रत्येकाला एकदा फासा टाकायला सांगा. ५ किंवा ६ पडले ती 'मुरुमे फार वाढलेली' मुले. अशी साधारण २० निघतील. त्यांतल्या निम्म्यांच्या हातावर खडूचा ठिपका लावा : हे आपले जादूचे क्रीम. उरलेल्यांना काही लावू नका. आता वीसही जणांना पुन्हा फासा टाकू द्या. सरासरीने चारांतल्या तिघांना आधीपेक्षा कमी दान पडेल, म्हणजे ती 'बरी' होतील. खडू लावलेली आणि न लावलेली, दोन्ही. मग खडू लावून बऱ्या झालेल्या मुलांनाच समोर बोलावून अनुभव सांगायला लावा. शिफारशीचा व्हिडिओ तयार झाला! मुरुमे कमीजास्त होतच असतात आणि आपण क्रीम विकत घेतो ते ती सर्वांत वाढलेली असतात तेव्हा. काहीही लावले तरी पुढचे दिवस बहुधा बरे जातात.

ही कसोटी आपल्यालाही लावली पाहिजे. पांढरा कोट घालून बोलणारे डॉक्टर आणि माझ्यासारखे लेख लिहिणारे शास्त्रज्ञ यांनाही मुलांनी विचारावे : हे तुम्हाला कसे कळले? कशाशी तुलना केली? तुम्ही चुकला असाल तर ते कुणाला आणि कसे कळेल? या प्रश्नांनी रागावणाऱ्याचे म्हणणे, मग तो कुणीही असो, जरा बाजूला ठेवावे.

त्या मुलीला मी सांगितले, "पैशांचं लपवलं, हे तिचं चुकलंच. पण तुझ्या मुरुमांबद्दल ती बहुधा खोटं बोलली नसेल. तिला ते ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं." लाल चेहऱ्यासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग विचारले, "पण मॅडम, डॉक्टरांना कसं कळतं?"

मला बरे वाटले. ती पुन्हा विचारू लागली होती.