शक्ती-तुऱ्याचा नवा बाजार

रत्नागिरीच्या लोककलांवरचा लेख म्हटला की ‘लोप पावत चाललेली कला’ हे शब्द ठरलेलेच. जाखडीच्या बाबतीत मात्र ते साफ खोटे आहेत. जाखडीचे, म्हणजे शक्ती-तुऱ्याचे, सामने आजही मुंबईत तिकीट लावून होतात आणि त्यांची चित्रीकरणं यूट्यूबवर येतात. कला धडधाकट आहे. तिच्या कमाईचा धनी कोण, हे मात्र ठरत नाही.

या कलेचा जीव सामन्यात आहे. मध्यभागी ढोलकी, झांज आणि शाहीर. भोवती पायात चाळ बांधून फेर धरणारी पोरं. शक्तीवाला मायेची, म्हणजे आदिशक्तीची बाजू घेतो, तुरेवाला शिवाची. आधी गण, मग गवळण, आणि मग पुराणातली एखादी गाठ काढून समोरच्याला घातलेला सवाल. त्याची उकल समोरच्याने आपल्या बारीत करायची, तीही कवनातून. जोडीला टोमणे असतातच. पब्लिक त्यांवर शिट्ट्या मारतं, पण जाणकाराचे कान उकलीकडे असतात.

हा माल विकायची कोकणी रीत कुठल्याही कंपनीने शोधलेली नाही. चाकरमान्यांची गावमंडळं देवळाच्या जीर्णोद्धारासाठी किंवा गावच्या शाळेसाठी नाट्यगृह घेत, हँडबिलावर ‘सहाय्यार्थ’ छापत आणि तिकीटबुकं सभासदांत वाटत. तिकिटं खपायची ती चाळीच्या जिन्यात, ओळखीपाळखीत. घेणारा गाण्याचे पैसे देई, तसंच गावाचं देणंही फेडी. परळचं 1922 सालचं दामोदर नाट्यगृह म्हणजे अशा प्रयोगांचं हक्काचं घर. पुनर्विकासासाठी ते 2023मध्ये बंद झालं, तेव्हा नाटकवाल्यांइतकाच नमन हे लोकनाट्य आणि जाखडी करणाऱ्यांचाही पाय लटपटला.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि ग्रामोफोन कंपनीची मक्तेदारी मोडून प्रादेशिक गाण्यांची दुकानं उघडली. पीटर मॅन्युएल यांनी ‘कॅसेट कल्चर’ (1993) या पुस्तकात उत्तर भारतातल्या या उलथापालथीचा अभ्यास मांडला आहे. कोकणातही कॅसेटी आल्या, पुढे व्हीसीडी. पण साठ मिनिटांच्या फितीत रात्रभराचा सामना मावणार कसा? गण-गवळण मावे, सवाल-जवाबाची चुरस बाहेर राही.

2016मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ही अडचण एका फटक्यात सुटली. आता अख्खी बारी मोबाइलवर बघता येते. आखातात नोकरीला असलेला गुहागरचा माणूस सुट्टी नसली तरी सामना चुकवत नाही. प्रतिस्पर्ध्याची जुनी बारी शाहिराला पुन्हा पुन्हा ऐकता येते, त्यामुळे तोच सवाल फिरवून विचारणाऱ्याची पंचाईत होते. पुढच्या प्रयोगाचं हँडबिलही व्हॉट्सअ‍ॅपवरच फिरतं.

नमनाचीही अशीच नवी मांडणी झाली. शिमग्यात दारोदारी जाणारे खेळे बहुरंगी नमन होऊन रंगमंचावर आले. ‘कोकणचा साज, संगमेश्वरी बाज’सारख्या कार्यक्रमाने तर संगमेश्वरी बोलीलाच तिकीट लावून दाखवलं. आपल्या बोलीला गिऱ्हाईक आहे, हा विश्वास त्यातून आला.

पण या बाजाराला दोन खोटी आहेत. पहिली कलेच्या अंगाची. अख्ख्या सामन्यातून पाऊण मिनिटाचा टोमणा कापला की तो तुफान चालतो. उकल कापता येत नाही, कारण सवालाशिवाय तिला अर्थ नाही. मग शाहीर नकळत कापण्याजोगंच रचू लागतो. खुन्नस वाढते, पुराणाचा व्यासंग आटतो.

दुसरी खोट पैशाची. जाखडीत लोकप्रिय सिनेगीतांच्या चाली सर्रास घेतल्या जातात. जत्रेत त्याचं कोणाला काही वाटत नसे. यूट्यूबची यंत्रणा मात्र चाल ओळखते आणि जाहिरातीचं उत्पन्न चालीच्या मालकाकडे वळवू शकते. शब्द शाहिराचे असले तरी. चाल स्वतःची असली तरी चॅनल बऱ्याचदा कॅमेरा लावणाऱ्याचं असतं. शाहिराच्या हाती उरते ठरलेली सुपारी. वास्तविक 1994 आणि 2012च्या दुरुस्त्यांनंतर कॉपीराइट कायदा सादरकर्त्याच्या बाजूने आहे. त्याच्या संमतीशिवाय प्रयोग मुद्रित करता येत नाही. पण तोंडी बोलीवर चालणाऱ्या व्यवहारात ही संमती मागतो कोण आणि लिहून घेतो कोण?

यावर तोडगा बाहेरून आणायची गरज नाही. ज्या मंडळांनी इतकी वर्षं तिकिटं खपवली, त्यांनीच स्वतःचं चॅनल चालवावं. शाहिरांनी निदान सवालाच्या पदांना तरी स्वतःच्या चाली बांधाव्यात; पारंपरिक चालींचा साठा काही कमी नाही. तिकीटविक्रीचा पै-पैचा हिशेब मंडळाला वार्षिक सभेत द्यावा लागतो, खजिनदार त्यासाठी शिव्याही खातो. चॅनलच्या उत्पन्नाचा हिशेब त्याच सभेत, त्याच वहीतून वाचला जावा, आणि कवनकाराचा वाटा खर्चाच्या बाजूला पहिल्या ओळीत असावा.