‘फ्रिसाँ’ : इंग्रजीतील एक अर्थसंकोच

फ्रेंच भाषेतील ‘फ्रिसाँ’ हा शब्द मुळात अंगात भरणाऱ्या थंडीचा आहे. त्याची व्युत्पत्ती उत्तरकालीन लॅटिनमधील ‘फ्रिक्टिओ’मार्गे ‘फ्रिगेरे’, म्हणजे गारठणे, या धातूपर्यंत नेली जाते. ‘रेफ्रिजरेटर’ हा शब्दही त्याच कुळातला. ताप चढताना फ्रेंच रुग्णाला येतात ते ‘फ्रिसाँ’च, आणि भीतीने अंगावर उठतो तो काटाही ‘फ्रिसाँ’च. बोदलेअरने काव्यात नवा ‘फ्रिसाँ’ निर्माण केला असे व्हिक्टर ह्यूगोने १८५९ साली त्याला पत्रातून कळविले. त्या स्तुतीचे बळ या शारीर हुडहुडीत आहे.

इंग्रजीत हा शब्द अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. तेथे अशा शब्दांची वाण होती असे नव्हे. ‘शिव्हर’ आणि ‘शडर’ होतेच. ‘थ्रिल’ तर मूळचा भोक पाडण्याचा शब्द (‘नॉस्ट्रिल’मध्ये, म्हणजे नाकपुडीत, तेच भोक शिल्लक आहे), आणि भावनेने आरपार विद्ध होणे हा त्याचा पुढचा अर्थ. मग ही उसनवारी कशासाठी? इंग्रजीने शब्द घेतला, ताप घेतला नाही. हिवतापाच्या रोग्याला इंग्रजीत ‘फ्रिसाँ’ येत नाही. रहस्यकथेच्या वाचकाला येतो. सुरक्षित अंतरावरून चाखलेले भय एवढाच अर्थ उरला, आणि जपून ठेवलेल्या फ्रेंच उच्चाराने ते अंतर अधिकच वाढविले.

हा संकोच स्वतः दोषास्पद नाही. ‘भयाचा फ्रिसाँ’, ‘निषिद्धाचा फ्रिसाँ’ या प्रयोगांना निश्चित अर्थ आहे. परंतु ‘उत्तेजनाचा फ्रिसाँ’ ही निव्वळ द्विरुक्ती होय, आणि ग्रंथपरीक्षणांत आढळतो तो बहुधा हाच प्रयोग. कलाकृतीतील कोणत्या शब्दाने, कोणत्या विरामाने अंग शहारले हे दाखविण्याचे समीक्षकाचे काम तेथे टळते. शब्द केवळ दाखल्यासारखा जोडला जातो.

मराठी अनुवादकाची अडचण येथूनच सुरू होते. ‘रोमांच’ हा सरधोपट पर्याय. नाट्यशास्त्रात रोमांच आठ सात्त्विक भावांपैकी एक असून त्याच्या कारणांत स्पर्श, भय, हर्ष यांच्या जोडीला शीत आणि रोगही येतात. म्हणजे भरताचा रोमांच फ्रेंच ‘फ्रिसाँ’च्या निकटचा आहे. आजच्या मराठीत मात्र ‘रोमांचक सामना’ इथपर्यंत त्याची मजल गेली असून त्यातील थंडी पार उतरली आहे. ती ‘शहारा’ या शब्दाने राखली. तेव्हा बोदलेअरसाठी ‘शहारा’ योग्य. इंग्रजी परीक्षणातील ‘फ्रिसाँ’ला तो शोभणार नाही, तेथे पुसटसा रोमांच पुरे.