मालकाचे समाधान, गाडीचा दर्जा

भोकरमध्ये कुणालाही नवी गाडी कशी आहे विचारा. पहिले उत्तर येते ते 'अ‍ॅव्हरेज' किती देते याचे. अशा उत्तरांची बेरीज करून दर्जाचे क्रमांक लावले, तर नेमके काय मोजले म्हणायचे?

जे. डी. पॉवर ही अमेरिकी संस्था १९८७ पासून नव्या गाड्यांच्या मालकांना पहिल्या ९० दिवसांतल्या तक्रारी विचारते आणि दर १०० गाड्यांमागे त्या किती, हे जाहीर करते. २००३ मध्ये या यादीत 'हमर' तळाला गेली. मालकांची मोठी तक्रार काय, तर पेट्रोल फार पिते! रणगाड्याच्या जातीची गाडी घेतल्यावर दुसरे काय होणार? हा बिघाड नव्हता, तरी खाती तोच लागला.

उलटी बाजू अधिक गंभीर. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपीने भारतातल्या पाच छोट्या गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने धडकवून पाहिल्या. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत तेव्हाची सर्वाधिक खपाची अल्टोही होती. तिच्यावर खूश असलेले मालक मी इथेच पाहिले आहेत. मोटरसायकलवर चौघे बसणाऱ्या घराचे ते समाधान खोटे नव्हतेच. पण धडकेत सांगाडा टिकतो का, हे मालकाला कळणार कधी? ज्याला कळते, तो प्रश्नावली भरायला उरेलच असे नाही.

म्हणून सर्वेक्षण टाकाऊ ठरत नाही. खडखडणारे दार, अडकणारा गिअर मालकाइतका कुणाला कळतो? ही संस्था तीन वर्षे वापरलेल्या गाड्यांचीही वेगळी पाहणी करते. मला तीच अधिक कामाची वाटते. ९० दिवसांत आमच्याकडचा एक पावसाळाही पुरता सरत नाही.