गाळ, निवळ आणि निलंबित : खाणीच्या पाण्याची मराठी

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. १९६२ साली स्थापन झालेल्या मॉइल या कंपनीकडे त्यांचे काम आहे. ‘बुजुर्ग’ हे फारसी विशेषण. पश्चिम महाराष्ट्रातील ‘बुद्रुक’ हे त्याचेच रूप होय. गावाच्या नावात डोंगरी आहे, परंतु तेथील उघड्या खाणीचे काम खोल खड्ड्यात चालते. डोंगरावरचे पाणी आपोआप वाहून जाते, खड्ड्यातले साचते. वर्षाकाठी सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस आणि तोही बहुतांशी चार महिन्यांत, अशा प्रदेशात या फरकाचे मोल मोठे आहे.

या पाण्याचा निचरा कसा करावा हा अभियंत्यांचा विषय. तो लोकांपुढे कोणत्या मराठीत मांडला जातो, हा मात्र भाषाभ्यासकाचा विषय आहे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार जनसुनावणीसाठी प्रकल्पाच्या अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राजभाषेत वा स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. ज्याचे शेत खाणीच्या उताराखाली आहे, त्याने हा सारांश वाचून आक्षेप घ्यावा वा संमती द्यावी, अशी अपेक्षा आहे. म्हणून या मराठीचे परीक्षण केवळ शैलीचे परीक्षण ठरत नाही.

व्यवस्थेचे मूळ तत्त्व साधे आहे. बाहेरचे स्वच्छ पाणी खड्ड्यात व मातीच्या ढिगाऱ्यांवर येऊ न देता भोवतालच्या चरांतून वळवावयाचे. आत पडलेले पाणी तळाच्या डोहात जमवून पंपाने उपसावयाचे. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी भिंत बांधून घसरणारी माती अडवावयाची. आणि गढूळ पाणी कुंडात थांबवून मगच नाल्यात सोडावयाचे. या थांबण्याच्या काळावर सर्व काही अवलंबून असते. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे कणाचा व्यास दहापट कमी झाला की त्याचा खाली बसण्याचा वेग शंभरपट घटतो. ०.०२ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जाण्यास सुमारे पाऊण तास घेतो, तर ०.००२ मिलिमीटरच्या चिकणकणाला तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. जाड रेती कुंडात राहते. बारीक काळी भुकटी मात्र पुढे शेतापर्यंत जाऊ शकते.

या बारीक द्रव्यासाठी पारिभाषिक मराठीत ‘निलंबित घन पदार्थ’ अशी संज्ञा आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. परंतु व्यवहारात ‘निलंबित’ म्हटले की कामावरून तात्पुरता दूर केलेला नोकर डोळ्यांपुढे येतो. पर्याय म्हणून ‘तरंगते पदार्थ’ म्हणावे, तर अर्थच उलटतो. तरंगणारे वर राहते, हे पाण्याच्या पोटात राहते. ‘अवसादन’ची गत याहून बरी नाही. वस्तुतः मराठीजवळ ‘निवळणे’ हे अत्यंत नेमके क्रियापद आहे. गाळ बसतो आणि पाणी निवळते, या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. ‘अवसादन टाकी’ ऐवजी ‘निवळकुंड’ म्हटले असते तर त्या टाकीकडून काय अपेक्षावे हे कोणालाही कळले असते.

याहून गंभीर प्रश्न ‘गाळ’ या ओळखीच्या शब्दाचा आहे. भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने तलावबांधणीत नाव मिळविले. मालगुजारी १९५१ मध्ये संपली तरी ‘माजी मालगुजारी तलाव’ हे नाव टिकले. येथील शेतकऱ्याच्या लेखी तलावाचा गाळ हे खत आहे. २०१७ च्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने हाच अर्थ शासकीय मराठीत दृढ केला. खाणीच्या कुंडातून निघणारा गाळ हा मुख्यतः दगडाचा व खनिजाचा चुरा असतो. दोहोंना एकच शब्द वापरला की एकाचा लौकिक दुसऱ्याला फुकट मिळतो. निदान ‘खाणगाळ’ असा वेगळा शब्द योजणे हे लेखकाचे कर्तव्य ठरते.

दुसरा दोष वाक्यरचनेचा. ‘गाळ वेळोवेळी काढण्यात येईल’, ‘पाणी सोडण्यात येईल’ या रचनेत कर्ता लोपतो आणि काळ संदिग्ध राहतो. गाळ मृगापूर्वी काढला नाही तर पहिल्या जोरदार पावसात कुंडाला जागा उरत नाही. तेव्हा ‘वेळोवेळी’ हे उत्तर नव्हे. तसेच पाणी कोठून सोडणार? तलावाच्या परिभाषेत पाळीतून पाणी नियंत्रितपणे देणारे ते तुडूम, आणि जादा पाणी आपोआप ओसंडते ती सलंग. निवळलेले पाणी नियंत्रित वाटेने देणे आणि पुरात गढूळ पाणी ओसंडू देणे यांत जो भेद आहे, तो तुमसरच्या शेतकऱ्याला या दोन शब्दांनी तत्क्षणी कळेल. ‘सोडण्यात येईल’ हे क्रियापद तो भेदच पुसून टाकते.

यावर असा आक्षेप येईल की संज्ञा राज्यभर एकरूप हव्यात. ‘सलंग’ रत्नागिरीत कोणाला कळणार? आक्षेप रास्त आहे, परंतु तो कोशाला लागू पडतो, सुनावणीच्या सारांशाला नव्हे. तेथे प्रमाण संज्ञेशेजारी स्थानिक शब्द देण्यास काय अडचण आहे? उलट, लोकभाषेचीही एक मर्यादा मान्य करावयास हवी. पाणी निवळले म्हणजे शुद्ध झाले असे नव्हे. विरघळलेले मँगनीज डोळ्यांना दिसत नाही. अंतर्देशीय जलप्रवाहात सोडावयाच्या सांडपाण्यात न बसलेल्या कणांची सर्वसाधारण मर्यादा लिटरला १०० मिलिग्रॅम, तर मँगनीजची २ मिलिग्रॅम आहे. हे दोन आकडे वेगवेगळे का, हे सांगण्यास शास्त्राची भाषाच लागते.

मँगनीजयुक्त खडकाच्या एका प्रकाराला फर्मर या भूशास्त्रज्ञाने या प्रदेशातील गोंडांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले आणि ते जगभर रूढ झाले. येथील नाव शास्त्राने घेतले, तर येथील पाण्याचे शब्द घेण्यास शास्त्राला कमीपणा येण्याचे कारण नाही. खाणगाळ कोण, कोणत्या नक्षत्रापूर्वी काढणार. निवळकुंडात पाणी किती काळ थांबणार. सलंग कोणाच्या शेताकडे वाहणार, ही तीन वाक्ये कर्तरी प्रयोगात लिहिली जाईपर्यंत मराठी सारांशाचा कायदेशीर उपचार पार पडेल, त्याचा हेतू मात्र सिद्धीस जाणार नाही.