पराभवावर लावलेली पैज

टोनी के या इंग्लिश फुटबॉलपटूची हकीकत करुणरसांत बुडवून सांगण्याचा आतां प्रघातच पडला आहे. बी. बी. सी. नें १९९७ सालीं दाखविलेल्या, पॉल ग्रीनग्रास याच्या 'द फिक्स' या चित्रपटानें ती नव्या पिढीपर्यंत नेली. तेव्हांपासून तिच्याविषयीं लिहिणारा प्रत्येक जण हळहळल्याशिवाय पुढें जात नाहीं. गुणी खेळाडू, क्षुल्लक मोह, कठोर शिक्षा आणि हुकलेला विश्वचषक, अशा चार खांबांवर ही कथा उभी केली जाते. हे खांब खोटे आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यांवर घातलेलें छप्पर आम्हांस मान्य नाहीं.

प्रथम घडलें तें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. जिमी गॉल्ड नांवाचा एक स्कॉटिश माजी खेळाडू सामन्यांचे निकाल आगाऊ ठरवून त्यांवर पैजा लावण्याचा उद्योग करीत असे. शेफील्ड वेन्सडे या संघांतील डेव्हिड लेन हा पूर्वीं स्विंडन येथें त्याच्याबरोबर खेळलेला. गॉल्डनें गोष्ट लेनच्या कानांत घातली, लेननें ती पीटर स्वान आणि टोनी के यांच्या कानांत घातली, आणि तिघांनीं आपलाच संघ हरणार या बाजूस प्रत्येकीं ५० पौंड लावले. १ डिसेंबर १९६२ रोजीं इप्स्विच येथें, त्या वेळच्या लीग-विजेत्या संघाविरुद्ध, वेन्सडेचा २-० असा पराभव झाला. त्याच महिन्यांत एव्हर्टन क्लबानें के यास सुमारे ६०,००० पौंड देऊन घेतलें. १९६३ मध्यें एव्हर्टन लीग-विजेता ठरला. जूनमध्यें बाझल येथें स्वित्झर्लंडविरुद्ध के इंग्लंडतर्फें प्रथमच खेळला, आणि इंग्लंडच्या आठ गोलांतील एक त्यानें केला. देशासाठीं तो पुन्हां कधीं खेळला नाहीं. १९६४ च्या एप्रिलांत 'संडे पीपल' या पत्रानें सर्व प्रकरण उघडकीस आणलें. पत्रास माहिती पुरविणारा होता खुद्द गॉल्ड, आणि त्याबद्दल त्यानें ७,००० पौंड घेतले! १९६५ च्या जानेवारींत नॉटिंगहॅमच्या न्यायालयानें गॉल्डला चार वर्षांची व या तिघांस चार-चार महिन्यांची कैद सांगितली, आणि फुटबॉल असोसिएशननें त्यांना खेळांतून आजन्म बहिष्कृत केलें. के तेव्हां सत्तावीस वर्षांचा होता.

के याचे कैवारी एका गोष्टीवर विशेष भर देतात. ज्या पत्रानें त्याला पुढें उघडें पाडलें, त्याच पत्रानें इप्स्विचच्या सामन्यांत मैदानावरील उत्कृष्ट खेळाडू म्हणून त्याचीच निवड केली होती. याहून चांगला बचाव कोणता, असें ते विचारतात. आमच्या मतें हा बचाव नव्हे. या कथेचें मर्म आहे तें येथेंच. के त्या दिवशीं मुद्दाम वाईट खेळला असता, तर खोट्या मापानें धान्य घालणाऱ्या वाण्याच्या आणि त्याच्या अपराधांत फरक राहिला नसता. परंतु तो उत्तम खेळला. पाय जिंकण्यासाठीं धांवत होते आणि खिसा हरण्याची वाट पाहत होता. द्यूतसभेंत युधिष्ठिरानें सर्वस्व पणास लावलें, तें निदान आपण जिंकूं या आशेनें. त्याची इच्छा आणि त्याचा फांसा हीं एकाच बाजूला होतीं. येथें एकाच माणसाचीं दोन शकलें झालीं आहेत. अशा खेळाडूच्या पायांतून सुटलेला चेंडू हुकून सुटला कीं सोडला गेला, हें प्रेक्षकाला कळणें शक्य नाहीं. फार काय, तें त्या खेळाडूलाही खात्रीनें सांगतां येणार नाहीं. स्वान यानें पुष्कळ वर्षांनीं हेंच कबूल केलें. आपण सरळपणें हरलों, पण आपला संघ जिंकत असता तर आपण काय केलें असतें तें आपल्यालाही ठाऊक नाहीं, अशा आशयाचे उद्गार त्यानें काढले. या सबंध प्रकरणांत यापेक्षां प्रामाणिक बोलणें आमच्या वाचनांत आलें नाहीं, आणि त्यापुढें के याच्या उत्कृष्ट खेळाचा दाखला फिका पडतो. तिकीट काढून आलेला मनुष्य सुंदर पदन्यास पाहावयास आलेला नसतो. दोन्ही बाजूंना जिंकावयाचें आहे एवढ्या एकाच विश्वासावर तो थंडींत उभा असतो.

शिक्षेविषयीं मात्र आम्ही कैवाऱ्यांच्या बाजूचे आहों. १९६१ च्या आरंभापर्यंत इंग्लंडांत खेळाडूला आठवड्यास २० पौंडांहून अधिक वेतन देण्यास बंदी होती, आणि खेळाडूला अडकवून ठेवण्याचे क्लबांचे नियम १९६३ सालीं ईस्टहॅमच्या खटल्यांत न्यायालयानें अन्याय्य ठरविले. अपराध यानें पुसला जात नाहीं. पण नीतीचे धडे देणारे हातही स्वच्छ नव्हते. शिवाय, सरकारला जेथें चार महिने पुरेसे वाटले तेथें असोसिएशनला संबंध आयुष्य हवें होतें. ही खोड तिची जुनीच. १९१५ च्या गुड फ्रायडेला मँचेस्टर युनायटेड व लिव्हरपूल यांच्यांत ठरवून खेळल्या गेलेल्या सामन्याबद्दल दोन्ही संघांच्या सात खेळाडूंवर बंदी आली. युद्धांतील सेवेमुळें बहुतेकांची ती १९१९ सालीं उठली, पण आपण निर्दोष आहों असें सांगत राहिलेल्या इनॉक वेस्टची १९४५ सालीं उठली. तेव्हां तो साठीला टेकला होता! के व त्याचे सोबती यांच्यावरील बंदी १९७२ सालीं उठविण्यांत आली. पस्तिशींतला स्वान थोडे सामने खेळला. के परतला नाहीं.

राहतां राहिला विश्वचषक. १९६६ सालीं वेंब्लीवर इंग्लंडनें तो जिंकला, तेव्हां स्वान आणि के संघांत असते, असें खेदानें सांगितलें जातें. असते कदाचित्. परंतु या खटल्यांत त्यांच्याखेरीज आणखी सहा खेळाडू दोषी ठरले, बहुतेक खालच्या श्रेणींतले, आणि त्यांपैकीं कित्येकांना यांच्याहून अधिक मुदतीची कैद झाली. त्यांचा संसारही याच धंद्यावर चालत होता. त्यांच्यासाठीं कोणी हळहळल्याचें ऐकिवांत नाहीं. विश्वचषक त्यांच्या वाट्याला येणारच नव्हता ना! स्वान १९७५ सालीं मॅटलॉक टाउन या लहानशा संघाचा व्यवस्थापक होऊन वेंब्लीवर आला आणि एफ. ए. ट्रॉफी जिंकून गेला. करुणकथा सांगणारे हा प्रसंग बहुधा गाळतात.